खेळता खेळता बेरीज



मूल ५ आणि ३ ची बेरीज ७ म्हणाले, तर रागावू नका. हेदवीच्या पुळणीवर ओळीने १० घरे आखा, आकडे घाला. मुलाला ५ च्या घरातून ३ उड्या मारायला सांगा. उभे असलेले घरच ते 'एक' मोजत असेल, तर ७ वर थांबेल. चूक तिथेच सापडली! पहिली उडी ६ वर, हे पायांना उमगले की ८ आपोआप येतात.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत भोवतालच्या साध्या वस्तूंतूनच बालशिक्षण सुरू केले. आपणही रोज १० मिनिटे देऊ या. गणिताची भीती बसली, की शाळेवरचे मन उडते. ती बसूच देऊ नका.