गाठीतील पेशींचे कुळ कोणते?



मानेत गाठ आलेल्या रुग्णाचे नातेवाईक आम्हांस प्रथम विचारतात, "क्षय आहे की कॅन्सर?" आपल्याकडे क्षयाच्या गाठी पुष्कळ आढळतात. त्यामुळे केवळ अंदाजावर क्षयाची औषधे सुरू होतात आणि गाठ लिम्फोमाची निघाल्यास मोलाचे महिने वाया जातात. काही गाठी तर सूक्ष्मदर्शकाखालीही निर्णायक उत्तर देत नाहीत. तेथे जनुकीय तपासणी उपयोगी पडते.

ती समजण्यास केळीचा दाखला पुरेसा आहे. रावेर-यावलच्या मळ्यांतील टिश्यू कल्चरची रोपे एकाच मातृवृक्षाच्या उतीपासून वाढविलेली, म्हणून सारी एकसारखी. सातपुड्याच्या रानात मात्र नाना जातींची झाडे. आपल्या शरीरातील लिम्फोसाइट पेशींचे असे रानच असते. परिपक्व होताना प्रत्येक पेशी रोगप्रतिकारक जनुकांचे तुकडे आपापल्या परीने जुळविते. सुसुमु टोनेगावा यांनी १९७६ साली प्रतिपिंडांच्या जनुकांत ही जुळणी दाखवून दिली. १९८७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जंतुसंसर्गाने सुजलेल्या गाठीत नानाविध जुळण्या असतात. लिम्फोमाच्या पेशी एकाच पेशीची संतती असल्याने त्यांत एकच जुळणी पुन्हा पुन्हा आढळते. पीसीआरने त्या भागाच्या असंख्य प्रती काढून लांबीनुसार आलेख केला, की बुटक्या शिखरांची रांग दिसते, अथवा एकच उंच सुळका.

सुळका दिसला म्हणजे कॅन्सर ठरला, असे मात्र आम्ही कदापि म्हणणार नाही. काही संसर्गांतही तो दिसतो. नमुना फार थोडा असल्यास फसवा सुळका उमटतो. कधी कॅन्सर असूनही तो दिसत नाही. निर्णय पॅथॉलॉजिस्टनेच, सर्व पुरावे एकत्र पाहून करावयाचा.

ही तपासणी मोठ्या शहरांतील मोजक्या प्रयोगशाळांत होते. परंतु तिचे यश जळगाव वा धुळ्याच्या शस्त्रक्रियागृहातच ठरते. सुईने काढलेल्या थेंबभर द्रवाऐवजी शक्य तेथे पूर्ण गाठ काढावी. तिचा लहानसा भाग क्षयाच्या तपासणीसाठी सलाइनमध्ये आणि उरलेली गाठ त्वरित योग्य फॉर्मॅलिनमध्ये ठेवावी. अयोग्य द्रावणात वा फार दिवस पडून राहिल्यास डीएनए तुटतो. (यंत्राला देणगीदार मिळतो, फॉर्मॅलिनच्या बरणीला क्वचितच!)

नातेवाइकांस एक विनंती. मुंबईस टाटा मेमोरियल किंवा अन्यत्र जाताना अहवालासोबत काचपट्ट्या आणि गाठीचा मेणाचा ठोकळा, म्हणजे 'ब्लॉक', प्रयोगशाळेतून मागून न्यावा. तो हाती नसल्यास रुग्णाची बायोप्सी पुन्हा करण्याची वेळ येऊ शकते.