औशाचं पाणी

नांदेडला पाहुणा आला तर काय दाखवायचं, याची चिंता नसते. गुरुद्वारा आहे, गोदावरी आहे. लातूरला मात्र लोक क्लासेसमध्ये पोरं घालायला येतात, शहर बघायला कोण येतो? माझी बहीण लातूरला दिलेली. तिच्याकडे मुंबईचा एक पोरगा आला होता. त्यानं मला विचारलं, ‘‘मामू, इथं बघण्यासारखं काय आहे?’’

मी त्याला गंजगोलाईत नेलं. बाजाराची ही गोल दुमजली इमारत 1917 सालची. आराखडा फय्याजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराचा आणि मधोमध अंबाबाईचं देऊळ. सोळा रस्ते तिथं येऊन मिळतात. सोनं, चपला, मिरची, गूळ, सगळं एका फेरीत. पोराला गंमत वाटली, पण फोटो काढून झाल्यावर तो म्हणाला, ‘‘आता?’’

आता औसा. लातूरहून वीसेक किलोमीटर. किल्ला म्हटला की आपण डोंगराकडे बघतो. हा खोलगट जागेत बसलेला. भोवती उंचवटे, त्यामुळे बाहेरून फारसा दिसत नाही, पण आतल्या उंच जागेवरून लांबून येणारं सैन्य दिसतं. बहामनी, आदिलशाही, निजामशाही, मोगल अशी यादी गाईड घडाघडा म्हणतात. यादीत मला रस नाही. कुणाचं राज्य होतं हे विचारण्यापेक्षा, इतकी माणसं पीत काय होती, हे विचारावं.

त्याचं उत्तर खाली आहे. पायऱ्यांच्या विहिरी आहेत, भलामोठा खंदक आहे, आणि एका हौदाच्या तळाखाली चक्क दालन आहे. डोक्यावर पाणी, खाली थंडावा! वैशाखात औशाला जा, म्हणजे बांधणाऱ्याची अक्कल कळेल.

मलिक अंबरनं हा किल्ला घेतला, तेव्हा गावाला अंबरपूर नाव दिलं. हा माणूस जन्मानं हबशी. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला आणि दख्खनचा कारभारी झाला. खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, त्यानं नहर आणली. परक्या मुलखातून आला, पण इथल्या मातीत पाणी कुठं मुरतं हे त्याला कळलं होतं.

पोरगा हौदाकडे बघत म्हणाला, ‘‘मग लातूरला रेल्वेनं पाणी का आणलं?’’ एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पहिली गाडी आली होती. दहा डबे, पाच लाख लिटर. मांजरा धरण आटलं होतं. मी त्याला खरं तेच सांगितलं. किल्ल्यातल्या विहिरींवर आजचं शहर जगणार नाही. माणसं किती वाढली! पण गावातल्या जुन्या आडांत कचरा टाकून आपण धरणाच्या नळाकडे बघत बसलो, हेही तितकंच खरं. तो म्हणाला, ‘‘मुंबईतही तेच आहे, मामू.’’

तुम्ही गेलात तर आधी खंदकाच्या कडेनं चाला, दरवाजा नंतर बघा. आणि बॅटरी न्यायला विसरू नका, खालच्या पायऱ्या अंधारात आहेत.