सत्तावीस लिटरचा हिशेब



गोड्या पाण्याच्या प्रदूषणावर दोन दिवस मराठीत चर्चा करायची, निबंध मराठीत वाचायचे आणि त्यावरची भांडणेही मराठीतच करायची, असा हट्ट या परिषदेच्या संयोजकांनी धरला. तो तडीस नेल्याबद्दल त्यांचे अभिनंदन. अध्यक्षपदाचा मान मला दिलात, त्याबद्दल मी ऋणी आहे. अध्यक्षाने वर्षभराच्या संशोधनाचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. पण तो आढावा तुमच्या हातातल्या निबंधसंग्रहात आहेच. मी एकच गोष्ट मांडणार आहे. पाण्याचे नमुने आपण पुष्कळ तपासले. ज्या नदीचे ते नमुने, ती वाहते किती आणि केव्हा, हे मात्र त्या आकड्यांशेजारी क्वचितच लिहिले.

महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९६९ मध्ये केला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले. केंद्राचा कायदा आला १९७४ मध्ये. नागपूरची ‘नीरी’ ही संशोधन संस्था तर १९५८ पासून काम करते आहे. म्हणजे कायदा, मंडळ आणि संशोधन संस्था, तिन्ही बाबतींत आपण मागे नव्हतो. तरीही केंद्रीय मंडळाने २०२२ मध्ये देशातील ३११ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली, तेव्हा त्यातले ५५ पट्टे एकट्या महाराष्ट्रातले निघाले. इतके पट्टे दुसऱ्या कोणत्याही राज्यात नाहीत. कोणी म्हणेल, आपल्याकडे तपासणी केंद्रे जास्त म्हणून पट्टे जास्त सापडतात. त्यात थोडे तथ्य आहे. पण ज्या रुग्णाचा ताप पन्नास वर्षे नियमित मोजला जातो आणि तरीही उतरत नाही, त्याच्या नातेवाइकांनी तापमापीचे कौतुक किती करायचे?

आपली तापमापी म्हणजे बीओडी, पाण्यातली जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी. पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात, याचे ते माप. हे माप रूढ केले ब्रिटनच्या सांडपाणीविषयक रॉयल कमिशनने. कमिशन १८९८ मध्ये नेमले गेले आणि त्याचा आठवा अहवाल १९१२ मध्ये आला. चाचणीसाठी पाच दिवस ठरले. त्याचे कारण असे सांगतात की, तिथल्या नद्यांचे पाणी साधारण तेवढ्या अवधीत समुद्राला मिळते. तापमानही तिथल्या उन्हाळ्याला धरून बेतलेले होते. आपल्याकडे ही चाचणी २७ अंश सेल्सिअसला तीन दिवसांत करतात. हा बदल शहाणपणाचा होता. आपल्या पाण्याच्या उबेचा विचार करून माप जुळवून घेतले गेले.

पण त्याच अहवालातली दुसरी गोष्ट आपण जुळवून घेतली नाही. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची बीओडी लिटरला २० मिलिग्रॅमपर्यंत चालेल, असे कमिशनने म्हटले, तेव्हा त्यात एक अट गृहीत होती. एका भाग सांडपाण्यामागे नदीत किमान आठ भाग स्वच्छ पाणी वाहते असावे. हिशेब सोपा होता. नदीच्या पाण्याची बीओडी २ धरा. आठ भागांची झाली १६, सांडपाण्याची २०, बेरीज ३६. तिला नऊ भागांनी भागले की उत्तर ४. नदीला सोसेल अशी कमिशनने ठरवलेली मर्यादा नेमकी तेवढीच होती. मानकाच्या पोटात नदीचा प्रवाह होता.

आता आपला हिशेब करू. नद्यांमध्ये सांडपाणी सोडण्याची आपली सर्वसाधारण मर्यादा ३०. स्नानयोग्य पाण्याची मर्यादा ३. नदीत बीओडी २ असलेले चांगले पाणी आहे असे धरले, तरी कायद्यात बसणारे एक लिटर सांडपाणी पचवून नदी स्नानयोग्य राहायची, तर त्यामागे सत्तावीस लिटर पाणी वाहते हवे. मर्यादा कडक करून १० वर आणली, तरी सात लिटर हवे. हे गणित बारावीचा विद्यार्थी करू शकेल. प्रश्न असा की, धरणाखाली कोरड्या पडलेल्या आपल्या नद्यांमध्ये मार्च ते मे या काळात हे सत्तावीस लिटर कुठून येणार? शहराच्या खालच्या अंगाला उन्हाळ्यात जे वाहते, ते बहुतांशी सांडपाणीच असते. सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाचा अहवाल ‘मानकांनुसार’ असा येतो, नदी मात्र नासलेली राहते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

पंचगंगेचे उदाहरण घ्या. कोल्हापूरचे जयंती आणि दुधाळी नाले, इचलकरंजीचे वस्त्रोद्योग, साखर कारखाने आणि काठावरची गावे, या सगळ्यांचा भार तिच्यावर आहे. शहराच्या सांडपाण्याची बीओडी दोनशे-तीनशे असते, तर मद्यार्क आसवनीतून उरणाऱ्या ‘स्पेंट वॉश’ची पन्नास हजारांपर्यंत जाते. तो थोडासा निसटला तरी हाहाकार होतो. पण या नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारेही आहेत. पावसाळा सरला की बरगे घातले जातात, पाणी अडते, शेतीला मिळते, आणि नदीची एकामागे एक तळी होतात. मग शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडल्याची बातमी येते. दुसऱ्या दिवशी नमुने घेतले जातात आणि ‘नेमके कारण अहवालानंतर स्पष्ट होईल’ असे छापून येते.

ते कारण बरेचदा स्पष्ट होत नाही, कारण नमुना सकाळी अकराला घेतलेला असतो. साचलेल्या, खताळलेल्या पाण्यात शेवाळ माजते. ते दिवसा ऑक्सिजन सोडते आणि रात्री सगळ्यांबरोबर स्वतःही तो खाते. पाण्यातला ऑक्सिजन सर्वांत कमी असतो तो सूर्योदयाच्या आधी. मासे तेव्हा वर येऊन तोंडे उघडझाप करतात आणि तेव्हाच मरतात. अकरा वाजता ऊन चढलेले असते, ऑक्सिजन पुन्हा पाच-सहावर आलेला असतो आणि आपण ‘समाधानकारक’ असा शेरा मारतो. नदी काही कार्यालयीन वेळेत मरत नाही.

विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो की, पहाटे पाचला काठावर जा आणि विंकलरची पद्धत स्वतःच्या हाताने करा. ही पद्धत १८८८ ची आहे. तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली पाण्याखाली धरून, बुडबुडा आत न जाऊ देता भरायची. त्यात मँगेनीज सल्फेट, मग अल्कली आयोडाइड घालायचे, बूच लावायचे आणि बाटली उलटीसुलटी करायची. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो आणि हळूहळू तळाशी बसतो. नसेल तर साका पांढराच राहतो. त्याच जागी दुपारी दोनला तो गडद तपकिरी येतो. मीटरचा आकडा वाचून हा फरक समजतो, पण काठावर उभे राहून तो पांढरा साका पाहिला की नमुन्याच्या नोंदीत वेळ का लिहायची, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

एवढे करूनही बीओडीला जे दिसतच नाही, त्याचे काय? डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये दिल्लीत काविळीची साथ आली. यमुनेचा प्रवाह सरकला होता आणि नजफगढ नाल्याचे मैलापाणी वझिराबादच्या उपसा केंद्रापर्यंत उलटे आले होते. पाण्यावर तुरटी आणि क्लोरीनची प्रक्रिया झाली. विषमज्वर आणि हगवण वाढली नाही, म्हणजे जिवाणूंपुरते पाणी सुरक्षित होते. तरीही सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली. तो विषाणू आज आपण हिपॅटायटिस ई या नावाने ओळखतो. त्याच विषाणूने २०१२ मध्ये इचलकरंजीत माणसे मारली. मधल्या छपन्न वर्षांत विषाणूला नाव मिळाले, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत त्यावर मोठे काम झाले. पण गावचे पाणी तपासताना आपण अजूनही प्रामुख्याने जिवाणूच शोधतो.

दुसरे उदाहरण हैदराबादजवळच्या पाटणचेरूचे. तिथल्या सामाईक प्रक्रिया केंद्रात सुमारे नव्वद औषध कारखान्यांचे सांडपाणी येत होते. प्रक्रिया करून बाहेर सोडलेल्या पाण्यात लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक असल्याचे स्वीडिश संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले. औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही ते एवढे नसते. अशा पाण्यात तगून राहणारे जिवाणू प्रतिजैविकांना दाद देत नाहीत. तिथले ओढे नक्कावागूमार्गे मांजरेला मिळतात. ही मांजरा म्हणजे आपल्या बीडच्या बालाघाटात उगम पावणारी, लातूरकरांच्या ओळखीची नदी. प्रतिजैविकाचे माप त्या वेळच्या मानकांत नव्हते. जे मोजायचे ठरलेलेच नाही, त्याचे उल्लंघन कोणत्या रकान्यात लिहिणार?

म्हणून मला मासे, गोगलगायी, किडे यांची नोंद ठेवणाऱ्यांचे काम रसायनशास्त्रज्ञांच्या कामाइतकेच मोलाचे वाटते. कर्नल साईक्स यांनी दख्खनच्या माशांची वर्णने १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध केली आणि अनेकांना इथलीच नावे दिली. ‘टॉर खुद्री’ हा महसीर जगाला प्रथम माहीत झाला तो पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत सापडलेल्या नमुन्यावरून. १९४२ मध्ये फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापली. साठेक वर्षांनी पुण्याच्या अभ्यासकांनी त्या यादीशी ताडून पाहिले, तेव्हा कित्येक मूळ जाती सापडल्या नाहीत आणि परकीय जातींची भर पडलेली दिसली. मासा चोवीस तास पाण्यात असतो. कार्यालयाची वेळ आणि मानकांची यादी त्याला लागू नसते. आणि कुणीतरी जुनी यादी नीट करून ठेवली होती, म्हणून काय हरवले ते कळले. आज आपल्या किती महाविद्यालयांकडे आपल्याच गावच्या नदीची वीस वर्षांची यादी आहे?

उलट आपल्या प्रबंधांचा साचा पाहा. तीन ठिकाणे, तीन ऋतू, बारा-चौदा घटक, एक निर्देशांक, आणि शेवटी ‘पाणी मध्यम प्रदूषित आहे’ असा निष्कर्ष. पदवी मिळाली की ठिकाण सुटते. पुढचा विद्यार्थी दुसरी नदी घेतो, कारण ‘या नदीवर काम झाले आहे’. हे वाक्य मार्गदर्शकांनी बोलण्यातून काढून टाकावे. ज्या नदीवर काम झाले आहे, तिच्यावरच पुढचे काम व्हायला हवे.

लोकांच्या हाती पोचणारे संशोधन कसे असते, यासाठी आपल्याच देशातल्या एका साध्या संशोधनाकडे लक्ष वेधतो. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील मांजा, मौर्य आणि राव यांनी १९८२ मध्ये मैलादूषण ओळखण्याची एक सोपी चाचणी प्रसिद्ध केली. रसायन लावलेला कागद असलेली छोटी बाटली पाण्याने भरून ठेवायची. दिवसभरात पाणी काळे पडले तर ते पिऊ नका. वीज नको, तज्ज्ञ नको. ही बाटली पुढे खेडोपाडी पोचली. आपल्याकडे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्यात टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो, क्लोरीन उरले आहे का हे पाहणारी ओटी टेस्ट घेतो, आणि सर्वेक्षणानंतर गावाला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. या व्यवस्थेत उणिवा आहेत. पण लाल कार्डाचा अर्थ गावातल्या आजीलाही कळतो. आपल्या निर्देशांकाचा अर्थ सरपंचालाही कळत नाही, आणि तो दोष सरपंचाचा नाही.

काही जण म्हणतील, मग धरणातून जास्त पाणी सोडा, नदी धुऊन निघेल. मी तसे म्हणत नाही. प्यायच्या पाण्याने घाण ढकलून द्यायची चैन आपल्याला परवडणारी नाही. हिशेबातून निघणारा खरा धडा असा की, उन्हाळ्यात प्रक्रिया केलेले पाणीसुद्धा नदीत कमीत कमी जावे. नागपूरने प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला द्यायला सुरुवात केली. वीजकेंद्राची गरज भागली आणि तेवढे गोडे पाणी वाचले. उद्योग, बांधकाम, उद्याने यांसाठी प्रत्येक शहराला हे करता येईल. आणि नदीचा तिच्या पात्रातला किमान प्रवाह हा धरणाच्या वेळापत्रकातला पहिला रकाना असावा, उरलासुरला नव्हे.

म्हणून या परिषदेपुढे मी चार सूचना ठेवतो. एक, ज्या निबंधात नमुन्याची वेळ आणि त्या वेळचा प्रवाह लिहिलेला नाही, तो पुढच्या वर्षीपासून स्वीकारू नये. दोन, नदीकाठच्या प्रत्येक महाविद्यालयाने आपला एक पट्टा ठरवावा आणि विद्यार्थी बदलले तरी नोंद चालू ठेवावी. तीन, विषाणू, औषधे, कीटकनाशके आणि सूक्ष्म प्लॅस्टिक यांची तपासणी प्रत्येक खोऱ्यात निदान एका प्रयोगशाळेत नियमित व्हावी आणि त्यासाठी शासनाने कायमची तरतूद करावी. चार, प्रत्येक अभ्यासाचा एक पानी मराठी गोषवारा त्या गावाच्या ग्रामपंचायतीत लागावा. त्यात कोणाचे नाव येते, याची भीती बाळगू नये. आकडे खरे असतील तर त्यांच्यामागे उभे राहणे हे परिषदेचे काम आहे.

यातल्या पहिल्या आणि चौथ्या सूचनेला सरकारी मंजुरी लागत नाही, निधीही लागत नाही. उद्याच्या समारोपाच्या सत्रात निदान या दोन सूचनांचा ठराव करून उठावे, अशी माझी आपणा सर्वांना विनंती आहे.