ह्यूमसाहेबांचे दप्तर आणि खानदेशचा रानपिंगळा

दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत राहणाऱ्या आम्हां मंडळींना पिंगळा हा पक्षी चांगला परिचयाचा आहे. दिवेलागणीला चिंचेच्या ढोलीतून निघून तो तारेवर येऊन बसतो आणि त्याचा कलकलाट सुरू झाला की घरातली वडीलधारी माणसे अजूनही थोडी अस्वस्थ होतात. याच कुळातला एक अतिदुर्मीळ भाऊबंद, रानपिंगळा, आपल्या सातपुड्याच्या सागवानी रानात राहतो. त्याच्या डोक्यावर पिंगळ्यासारखे ठळक पांढरे ठिपके नसतात, तो भर दिवसा शिकार करतो आणि निष्पर्ण फांदीवर शेपटी झटकत बसलेला दिसतो. 1873 साली शास्त्राच्या दप्तरी या पक्ष्याचे वर्णन प्रथम ज्यांनी दाखल केले, त्या ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांना आपण काँग्रेसचे एक संस्थापक म्हणून शाळेपासून ओळखतो. परंतु पाखरांचा अभ्यास आणि लोकांचे राजकारण ही त्यांची दोन्ही कामे एकाच रीतीने चालली होती, हे फारसे कोणी सांगत नाही.

ह्यूम 1829 साली इंग्लंडात जन्मले आणि विशीत बंगालच्या मुलकी नोकरीत रुजू झाले. इटाव्याचे अधिकारी असताना, 1857 पर्यंत, त्यांनी 181 शाळा उघडवल्या व त्यांत पाच हजारांहून अधिक मुले बसवली. आणि दारूवरील अबकारी उत्पन्न ही पापाची कमाई आहे, असे सरकारला लेखी कळवण्यास ते कचरले नाहीत. त्याच वर्षीच्या उठावात ते सरकारच्या बाजूने लढले, हेही येथे सांगितलेच पाहिजे. पुढे ते मध्यवर्ती सरकारच्या महसूल, शेती व व्यापार खात्याचे चिटणीस झाले. तेथे शेतकऱ्यांविषयी व सरकारी धोरणाविषयी परखड लिहिल्यामुळे 1879 मध्ये त्यांना त्या पदावरून दूर करण्यात आले.

या नोकरीच्या काळातच त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचे पक्षिशास्त्राचे नियतकालिक चालवले. सिमल्याच्या बंगल्यात बसलेल्या एका माणसाला सबंध हिंदुस्थानची पाखरे दिसणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतले कलेक्टर, जंगलखात्याचे अंमलदार आणि डॉक्टर यांना पत्रे लिहून आपापल्या मुलखाची खबर मागवली. या पत्रव्यवहारात आपल्या खानदेशचे काम जेम्स डेव्हिडसन या मुंबई इलाख्याच्या मुलकी अधिकाऱ्याने केले. पश्चिम खानदेशच्या पक्ष्यांची त्याची यादी 1882 साली ह्यूम यांच्या नियतकालिकात छापली गेली, आणि शहादा-तळोद्याच्या बाजूला त्याने मिळवलेले रानपिंगळ्याचे नमुने पायाला चिठ्ठी बांधून विलायतेच्या संग्रहालयात पोचले. ती चिठ्ठी बोटभर कागदाची असते: पक्ष्याचे नाव, जागा, तारीख, मिळवणाऱ्याचे नाव, परंतु तिच्यावाचून तो नमुना म्हणजे नुसता पेंढा भरलेला देह.

लोकांच्या सुखदुःखाचीही खबर त्या त्या मुलखात राहणाऱ्यांकडूनच मागवावी, हीच रीत ह्यूम यांनी राजकारणात आणली. 1 मार्च 1883 रोजी त्यांनी कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीधरांना आवाहनपत्र लिहिले, प्रांतोप्रांतीच्या पुढाऱ्यांशी संधान बांधले, आणि 1885 च्या डिसेंबरात 72 प्रतिनिधी काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनासाठी मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत जमले. ते पुण्यात भरवण्याचा बेत पटकीच्या साथीमुळे फिरला होता. त्याच सुमारास पंचवीस वर्षांच्या पक्षिनिरीक्षणाचे त्यांचे हस्तलिखित कोणी रद्दीत विकून टाकल्याचे आढळले. त्यानंतर त्यांनी ऐंशी हजारांवर नमुन्यांचा आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. माझ्या समजुतीने हस्तलिखित गमावल्याचा घाव त्यांना पदच्युतीपेक्षा अधिक लागला असावा. त्यांनी उभ्या केलेल्या काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन 1936 साली आपल्याच फैजपुरात, पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली झाले.

आता रानपिंगळ्याच्या नमुन्यांना बांधलेल्या त्या चिठ्ठ्यांची पुढची हकीकत. 1884 नंतर रानपिंगळा कोणास खात्रीने दिसला नाही. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित फौजी संग्राहकाने मात्र 1914 सालचा, गुजरातेतील मांडवीचा, म्हणून एक नमुना दाखवला होता. पुढे तपासणीत उघड झाले की, तो त्याने संग्रहालयातून चोरलेला डेव्हिडसनचाच पक्षी होता; आतले भरण काढून, नव्याने शिवून, त्यावर खोटी चिठ्ठी बांधलेली. एका खोट्या तारखेने आणि एका खोट्या गावाने शोध घेणाऱ्यांची वर्षे वाया घालवली, याचा मला आजही संताप येतो. पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे संशोधक त्या नोंदीवर विसंबले नाहीत. जुन्या, निःसंशय चिठ्ठ्यांवरील जागांच्या मागावर ते खानदेशात आले, आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी, शहादा अजून धुळे जिल्ह्यातच असताना, त्याच्या जवळच्या रानात त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. पुढे तोरणमाळ, मेळघाट येथेही त्याची वस्ती आढळली.

माझी विनंती एवढीच की, शहादा, तळोदा, शिरपूर, धुळे येथील शाळांनी डेव्हिडसनची ती यादी मराठीत करून घ्यावी आणि त्याने पाखरे पाहिलेल्या जागी आज काय उरले आहे, ते तारखेसह लिहून ठेवावे. हे लवकर व्हावे, कारण तळोद्याच्या सपाटीवरचे सागवान शेतीखाली जात आहे आणि जुन्या झाडांच्या ढोल्यांवाचून रानपिंगळ्याला घरटे करता येत नाही.