त्रास देतोय की काही सांगतोय?



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि ‘तुझ्या कामाबद्दल बोल’ असं सांगितलंय. मी २२ वर्षं विशेष मुलांना शिकवते. त्यातल्या ज्या भागाबद्दल घरात कुणी बोलत नाही, त्याबद्दल आज बोलते.

स्वमग्नता किंवा बौद्धिक अक्षमता असलेली काही मुलं स्वतःचा हात चावतात, भिंतीवर डोकं आपटतात, आईला मारतात. मूल सहा वर्षांचं असताना आई त्याला उचलून घेते. ते सोळा वर्षांचं झालं की तिला आवरत नाही. मग आपल्या मीरा-भाईंदरच्या वन रूम किचनचं दार कायमचं बंद होतं. खालच्या मजल्यावरून तक्रार येते. भाड्याचं घर असेल तर मालक पुढचा करार करत नाही. नातेवाईक म्हणतात, “दोन ठेवून दे, सरळ होईल.” कुणी दृष्ट काढायला सांगतं.

मार खाऊन मूल थोडा वेळ गप्प होतं, पण कारण तसंच राहतं. म्हणून आम्ही आधी कारण शोधतो.

पहिली पायरी डॉक्टरांची. बोलता न येणारं मूल अचानक गालावर मारून घेऊ लागलं, तर आधी दात आणि कान तपासायचे. बद्धकोष्ठता, पित्त, फिट्स, झोप, मुलींची पाळी, सगळं विचारायचं. दाढ किडली असेल तर शिस्त लावून काय होणार?

दुसरी पायरी वहीची. तीन रकाने आखायचे: आधी काय घडलं, मुलानं काय केलं, नंतर आपण काय केलं. दोन आठवडे प्रामाणिकपणे लिहायचं. १९८२ मध्ये अमेरिकेत ब्रायन इवाता आणि सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करणाऱ्या नऊ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वागणं वरवर सारखं, पण कारणं वेगवेगळी. कुणाला लक्ष हवं असतं, कुणाला समोरचं काम नको असतं, कुणाला त्या हालचालीचीच गरज असते. १९८५ मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड यांनी दाखवलं, की तेच मागणं मांडायला मुलांना योग्य शब्द दिले, तर त्रासदायक वागणं कमी होतं.

आमच्याकडे एक चौदा वर्षांचा मुलगा होता. अभ्यासाला बसवलं की तो हात चावायचा, आणि चावला की अर्थातच अभ्यास थांबायचा. वहीत हे स्पष्ट दिसलं. त्याला ‘थांबू या’ असं चित्राचं कार्ड दिलं. कार्ड दिलं की लगेच थांबायचं, हा नियम. पहिल्या आठवड्यात तो सारखा कार्डच देत राहिला. आई वैतागली, “आता हा काहीच करणार नाही!” मग आम्ही हळूहळू ‘अजून दोन मणी, मग थांबू’ असं वाढवत नेलं. चार-पाच महिन्यांनी त्याच्या हातावरची जखम भरली.

कधी औषधही लागतं. मानसोपचारतज्ज्ञ रिस्पेरिडोनसारखं औषध देतात. त्यानं चिडचिड कमी होते, पण वजन वाढू शकतं, सुस्ती येते. म्हणून नियमित तपासणी हवी, आणि डॉक्टरांना न विचारता ते बंद करायचं नाही. शिवाय औषध मुलाला शांत करेल, पण मागायला शिकवणार नाही. ते आपल्यालाच शिकवावं लागतं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं या मुलांना क्रूर वागणुकीपासून संरक्षण दिलंय. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विम्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत उपचारखर्च मिळू शकतो. कार्ड काढलं नसेल तर जरूर काढा.

आता तुमच्याकडे एक मागणं. आपल्या बॅचमधले काहीजण आज आलेले नाहीत, कारण मुलाला कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न आहे. त्यांना ‘काही मदत लागली तर सांग’ असं म्हणू नका. ते सांगत नाहीत. ‘रविवारी चार ते सहा मी येऊन बसते,’ असं म्हणा. आधी दोन-तीनदा जा, मुलाची ओळख करून घ्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तक्रार निघाली तर त्यांच्या बाजूनं दोन वाक्यं बोला.

आणि पुढच्या मेळाव्यात लाउडस्पीकरपासून लांबचा एक वर्ग शांत ठेवू या. पंखा, चटई, आपल्यापैकी दोघं आळीपाळीनं तिथे. म्हणजे आपले ते मित्र मुलांना घेऊनच येतील.