हसू आणि हिरड्या

निपाणी आणि बोरगावच्या परिसरात तंबाखू हे केवळ शेतातील वा वखारीतील धन नव्हे. दात घासण्याच्या वेळीही ती हाती येते. तंबाखू तव्यावर भाजून केलेली मिश्री बोटाने हिरड्यांवर चोळण्याची सवय मराठी मुलखातील स्त्रियांत जुनी आहे. तिने दात स्वच्छ होतात अशी समजूत असते. प्रत्यक्षात जडते ते निकोटीनचे व्यसन. अशा प्रदेशात सुंदर हास्याचा विचार हिरडीपासूनच करावयास हवा.

हिरडीचे रूप सुधारण्याचे उपाय आज दंतवैद्यांपाशी आहेत. हसताना हिरडी फार दिसत असेल, तर वाढलेली कड छाटता येते. हिरडी मागे सरून दाताचे मूळ उघडे पडले असेल, तर टाळूतील ऊतक घेऊन तेथे कलम करता येते. काळसर हिरडीचा वरचा थर काढून गुलाबी रंगही आणता येतो. तथापि काळसरपणा म्हणजे रोग नव्हे. त्वचेला रंग देणारे मेलॅनिनच हिरडीलाही रंग देते. सावळ्या माणसाची हिरडी सावळी असणे स्वाभाविक होय. थर काढला तरी हा रंग पुष्कळदा परततो. विडीमुळे आलेला काळेपणा तर विडी सोडल्यावर हळूहळू आपोआप उतरू लागतो. वरचा जबडाच लांब असेल, तर नुसती हिरडी छाटून भागत नाही.

म्हणून आधी निदान, मग शस्त्रक्रिया. लग्न ठरलेल्या मुलीच्या हिरडीचा रंग बदलण्याची घाई होते. त्याच घरातील आजीच्या हिरडीवरील पांढऱ्या चट्ट्याकडे मात्र कोणी पाहत नाही. पुसून न जाणारा पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, कारणावाचून हलू लागलेला दात ही कर्करोगाची चिन्हे असू शकतात. हिरडीतून रक्त येणेही दुर्लक्षिण्याजोगे नाही. सुश्रुतसंहितेने दंतमूळांचे जे 15 रोग सांगितले, त्यांत रक्त वाहणाऱ्या हिरडीचा ‘शीताद’ प्रथम येतो.

बेळगावात दंतवैद्यक महाविद्यालये आहेत. तपासणीसाठी बोरगावकरांना मुंबई गाठावी लागत नाही. मुलीला तेथे नेताना आजीलाही सोबत न्यावे, आणि मिश्रीचा डबा त्याच दिवशी घराबाहेर टाकावा. निरोगी हिरडी हेच हास्याचे पहिले सौंदर्य होय.