परदेशी निघालेल्या बाईची तयारी

(माधवनगर येथे महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)



आज जरा वेगळा विषय घेतला आहे. सांगलीचा साखर कारखाना इथून जवळच आहे. आपल्या भागातली मुलं केमिस्ट, फिटर, पॅनमन म्हणून साखरेच्या धंद्यात जातात आणि त्यातल्या काहींना आफ्रिकेतून बोलावणं येतं. युगांडात लुगाझीचा कारखाना १९२४ साली आणि काकिराचा १९३० साली सुरू झाला. दोन्ही गुजराती कुटुंबांनी उभे केले. तेव्हा आपल्या माणसांना हा रस्ता नवा नाही.

नवऱ्याची तयारी कंपनी करते. बायकोची तयारी म्हणजे काय? मेतकूट, चटण्या, कुकर, मिक्सर. सगळं घर तिला विचारतं, 'तिकडे तूरडाळ मिळेल का गं?' पण 'तुझा पासपोर्ट कुणाकडे आहे?' हे कुणी विचारत नाही. ती जणू सामानाबरोबर जाणारं आणखी एक सामान! माझं म्हणणं एवढंच आहे की जाणारी बाई ही स्वतंत्र प्रवासी आहे. कागद, तब्येत, पैसा आणि माणसं, या चारही बाबतींत तिची तयारी तिच्या नावाने आणि तिच्या हाताने व्हायला हवी. उदाहरणादाखल युगांडाच धरू.

आधी कागद. लग्नानंतर पासपोर्टवर आडनाव बदललंच पाहिजे अशी सक्ती नाही. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असते. म्हणून 'माझ्या कपाटात सुरक्षित राहील' असं म्हणून तो काढून घेण्याचा हक्क नवऱ्याला नाही, सासऱ्यांना नाही आणि कंपनीलाही नाही. पासपोर्ट, व्हिसा, लग्नाचा दाखला आणि शिक्षणाची प्रमाणपत्रं यांच्या झेरॉक्स माहेरी ठेवा, फोनमध्येही ठेवा. नवऱ्यावर अवलंबून म्हणून जो परवाना मिळतो, त्यावर तिथे नोकरी करता येत नाही. त्यासाठी कामाचा वेगळा परवाना लागतो. बी.एड. झालेली, नर्सिंग झालेली मुलगी 'तिकडे गेल्यावर बघू' म्हणून जाते आणि घरात बसते. हे निघण्याआधी विचारायचं.

आता तब्येत. युगांडात शिरायला पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला लागतो. ही लस प्रत्येक दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारने नेमून दिलेल्या केंद्रांवरच मिळते. मुंबईत अशी केंद्रं आहेत, पण आधी तारीख घ्यावी लागते. दाखला लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो, म्हणून तिकिटाच्या आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नाही. पूर्वी तो दहा वर्षं चालायचा. ११ जुलै २०१६ पासून तो जन्मभरासाठी धरला जातो. तो पिवळा कागद हरवू नका, कारण परत येताना तो नसेल तर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

आणि इथेच बायकांचा प्रश्न येतो. ही जिवंत लस आहे. गरोदर बाईला ती सहसा देत नाहीत. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला देत नाहीत, आणि इतकं लहान मूल अंगावर पीत असेल तर आईलाही देताना डॉक्टर विचार करतात. म्हणजे 'नवरा जाणार म्हणून तीही जाणार' असं तारखेला बांधून चालत नाही. पाळी चुकली असेल तर लसीच्या रांगेत तसं सांगायला हवं. सासूबाई बरोबर असल्या तरीसुद्धा सांगायला हवं.

दुसरा धोका हिवतापाचा. जगातल्या हिवतापाच्या दर शंभर रुग्णांपैकी नव्वदांहून जास्त आफ्रिकेत असतात. तिथे बहुतेक ठिकाणी फॅल्सिपेरम जातीचा, म्हणजे मेंदूपर्यंत जाऊ शकणारा ताप असतो. आपल्याकडे गडचिरोलीसारख्या भागात तो आहे, पण सांगलीच्या माणसाला त्याची सवय नाही. क्लोरोक्वीनच्या जुन्या गोळ्यांचा त्यावर भरवसा नाही. प्रतिबंधाच्या दुसऱ्या गोळ्या आहेत. त्या निघण्याआधी सुरू करून परतल्यावरही काही दिवस घ्याव्या लागतात. पण गोळी नवऱ्याची आणि बायकोची एकच असेल असं नाही. डॉक्सिसायक्लिन गरोदरपणात चालत नाही. मेफ्लोक्विन मनाच्या आजाराचा किंवा फिट येण्याचा इतिहास असेल तर देत नाहीत. बाई आपल्या उदासीच्या गोळ्या लपवून ठेवते, त्या डॉक्टरांपासून लपवू नका. गरोदर बाईला हा ताप आला तर रक्त झपाट्याने कमी होतं, गर्भपाताचा धोका वाढतो, बाळ कमी वजनाचं होतं. शक्य असेल तर गरोदरपणात जाणं पुढे ढकलावं. तो डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, म्हणून औषध लावलेली मच्छरदाणी वापरायची, ती गादीखाली खोचून. ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासायचं. आणि माहेरी परतल्यावर काही महिन्यांत ताप आला तर इथल्या डॉक्टरांना आधी सांगायचं, 'मी आफ्रिकेतून आले आहे.'

दोन गोष्टी घरकामातल्या. तिथे एक माशी बाहेर वाळत घातलेल्या ओलसर कपड्यांवर अंडी घालते. मग अळी कातडीत शिरते आणि गळू होतं. कपडे दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री करायचे. बाळाची दुपटी आणि आतले कपडे आधी! दुसरं, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी उथळ पाण्यात उतरायचं नाही. गोगलगायींमार्फत पसरणारा बिल्हार्झिया कातडीतून शिरतो आणि बायकांच्या गर्भाशयमुखाला आणि योनीलाही इजा करतो. 'आफ्रिकेतली घाण' म्हणून नाक मुरडू नका. १९५२ साली आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावातही हा आजार नोंदला गेला होता.

आणखी एक, मोकळेपणाने. पुष्कळदा नवरा आधी एकटा जातो आणि बायको वर्ष-दीड वर्षाने. एचआयव्ही हा शब्द सांगलीला नवीन नाही. १९९२ पासून संग्रामचं काम इथे उभं आहे. दोघांनी तपासणी करून घेणं, निरोध वापरणं, यात अविश्वास नाही. तो आरोग्याचा हक्क आहे. संततिनियमनाची साधनं काही महिन्यांची बरोबर न्या, औषधांच्या चिठ्ठीसकट.

तिसरा पैसा. परदेशी राहायला गेल्यावर इथलं साधं बचत खातं अनिवासी खात्यात बदलून घ्यावं लागतं. ते करताना तुमचं नाव आणि सही कायम राहील हे बघा. परतीच्या तिकिटाइतके पैसे तुम्हाला एकटीला काढता येतील असे ठेवा. कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या मुखत्यारपत्रावर सही करू नका. स्त्रीधनाची यादी आणि फोटो माहेरी ठेवा. दागिने बरोबर नेणार असाल तर जाताना विमानतळावर कस्टमचा दाखला घ्या, म्हणजे परत आणताना कर भरावा लागणार नाही.

चौथी माणसं. कंपालाला भारताचं उच्चायुक्तालय आहे. त्याचा फोन नंबर पाठ हवा. अडचणीतल्या भारतीयांसाठी २००९ पासून एक कल्याण निधी आहे, आणि नवऱ्याने टाकलेल्या बायकांना वकिलासाठीही मदत मिळू शकते. मारहाण करून परत पाठवलं तर 'गुन्हा तिकडे घडला, इथे काय करणार?' असं म्हणून पोलीस टाळतात. रूपाली देवी खटल्यात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की छळामुळे घर सोडलेली बाई जिथे आसरा घेते, तिथेही तिला तक्रार करता येते. हा निकाल ध्यानात ठेवा.

आणि माणसं म्हणजे फक्त मराठी माणसं नव्हेत. तिथे घरकामाला येणारी बाई हीच कदाचित तुमची पहिली मैत्रीण असेल. 'ह्या काळ्या लोकांचा भरवसा नाही' असं कॉलनीतल्या बायका पहिल्याच दिवशी शिकवतील. ते शिकू नका. १९८५ साली जगभरच्या बायका नैरोबीत जमल्या होत्या. त्याच केनियात वंगारी मथाई यांनी १९७७ साली खेड्यातल्या बायकांना घेऊन झाडं लावायला सुरुवात केली आणि २००४ साली त्यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. ज्या देशात जायचं तिथल्या बायकांकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. बाजार कुठला, दवाखाना कुठला, रात्री कुठे जायचं नाही, हे त्याच सांगतील. चार शब्द त्यांच्या भाषेतले शिकून घ्या आणि मजुरी पुरी द्या.

शेवटी एक काम सांगते. आपल्या गटातली, गल्लीतली मुलगी परदेशी निघाली की हळदीकुंकवाला बोलावतोच ना आपण? त्याच दिवशी तिच्याबरोबर बसा. पासपोर्ट कुठे आहे, लस झाली का, पाळीची तारीख काय, खात्यावर सही कुणाची, अडचणीत फोन कुणाला करणार, हे पाच प्रश्न विचारा. उत्तरं तिने स्वतः द्यायची, नवऱ्याने नाही. एखाद्या प्रश्नावर ती अडखळली, तर निघायच्या आत तेवढं काम आपण सगळ्याजणी मिळून पुरं करू.